'घरच्यासारखी' : मूल सांभाळणाऱ्या हातांचा हिशेब

१

आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये नव्याने रुजू झालेल्या बाईंना पहिल्या आठवड्यात दोन प्रश्न विचारले जातात. 'सेट झाली का?' हा पहिला आणि 'मूल कोण सांभाळते?' हा दुसरा. पुरुष प्राध्यापकाला दुसरा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्याचे मूल कोणीतरी सांभाळीतच असणार, हे गृहीत असते.

या प्रश्नाची उत्तरे सांगली-साताऱ्याकडे साधारणपणे दोन मिळतात. 'गावाकडची पोरगी आणून ठेवलीय' हे एक आणि 'बाई लावलीय' हे दुसरे. घरात आजी असेल तर प्रश्नच उरत नाही, असे म्हणतात. परंतु पहिल्या पिढीत शिकून नोकरीला लागलेल्या आपल्या लोकांच्या घरी अशी आजी मोकळी नसते. माझी आई साठीतही दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. सासूबाई गावचे घर आणि दोन शेरडे सोडून सांगलीच्या दोन खोल्यांत चार दिवसांवर राहत नाहीत. म्हणजे प्रश्न उरतोच : पोरगी आणायची, की बाई लावायची?

वरवर पाहता हा प्रश्न सोयीचा आणि पैशाचा आहे. पोरगी नात्यातली असते, विश्वासाची असते, घरात राहते, रात्री-अपरात्री उठते, जेवणाखाण्यापलीकडे तिचा खर्च नसतो. बाई परकी असते, वेळेवर येते आणि वेळेवर जाते, महिन्याच्या महिन्याला पैसे मोजून घेते. बहुतेक घरांत पोरगी आणली जाते ती याच हिशेबाने. मीही आणली होती. त्या हिशेबात काय लिहिले जात नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

हा पेच आपल्याकडेच आहे असे नाही. युरोपात याच दोन पद्धतींना दोन वेगळी नावे आहेत. मूल सांभाळणे हा जिचा व्यवसाय आहे ती 'नॅनी'. तिचे तास ठरलेले, पगार ठरलेला, आणि ती कामगार आहे हे सर्वांना मान्य. दुसरी 'ओ पेअर'. हा फ्रेंच शब्द आहे, त्याचा अर्थ 'बरोबरीच्या नात्याने'. परदेशातील तरुण मुलगी एखाद्या कुटुंबात राहायला येते, त्यांची भाषा शिकते, मुलांकडे लक्ष देते. तिला जेवणखाण, राहायला खोली आणि हातखर्चाला पैसे मिळतात. ती मोलकरीण नाही, घरातलीच एक आहे, असे मानले जाते. 'घरातलीच' या शब्दाचा फायदा घेतला जातो हे तिकडच्या लोकांच्याही लक्षात आले, म्हणून १९६९ साली स्ट्रासबर्ग येथे युरोप परिषदेने याविषयी एक करार तयार केला. मुलगी १७ वर्षांहून लहान नसावी, दिवसाला सर्वसाधारणपणे पाच तासांहून अधिक काम नसावे, आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी असावी, भाषेच्या वर्गाला जायला वेळ मिळावा, आणि हे सारे लेखी असावे, असे त्यात आहे. या कराराला फार थोड्या देशांनी मान्यता दिली. नॉर्वेने तर २०२४ साली ओ पेअरचे परवाने देणेच बंद केले. सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या नावाखाली गरीब देशांतल्या मुलींकडून स्वस्तात घरकाम करून घेतले जाते, असा आक्षेप तेथे अनेक वर्षे घेतला जात होता.

आपल्याकडे गावावरून आणलेली भाची ही या ओ पेअरचीच बहीण. फरक इतकाच, की तिचे वय १७ नसते, तिचे तास कोणी मोजत नाही आणि तिच्याविषयीचा कागद कुठेच नसतो.

२

माझा जन्म माण तालुक्यातला. मी नऊ महिन्यांची होते तेव्हा अक्का तिसरीत होती. आई-दादा रोजगार हमीच्या कामावर जात. कधी नालाबांध, कधी पाझर तलाव, कधी खडी. तान्हे पोर खडीच्या ढिगाजवळ उन्हात ठेवता येत नाही. म्हणून अक्काची शाळा सुटली. सुटली म्हणजे तिने सोडली नाही की कोणी सोडवली नाही. मास्तरांनी दोनदा निरोप धाडला, मग हजेरीपटावरून नाव गेले. मी तिच्या कडेवर मोठी झाले. मी शाळेत जाऊ लागले तेव्हा तिला परत शाळेत घालावे असे कोणाच्या मनात आले नाही, कारण तोवर ती बारा-तेरा वर्षांची झाली होती आणि खुरपे धरू लागली होती.

मी पुढे शिकले. वसतिगृहात राहून बी. ए., मग एम. ए., मग सेट. आमच्या भावकीतली पहिली पदवीधर म्हणून १४ एप्रिलच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला. सत्काराला उत्तर देताना मी बाबासाहेबांचे ऋण मानले, आई-वडिलांच्या कष्टांचा उल्लेख केला, शिक्षकांचे आभार मानले. अक्का समोर बायकांत बसली होती. तिचे नाव घ्यायचे मला सुचले नाही. ते मी मुद्दाम टाळले असते तर एक वेळ बरे. पण सुचलेच नाही. मूल सांभाळणे हे काम आहे, त्याची किंमत कोणीतरी मोजलेली असते, ही गोष्ट माझ्या जाणिवेतच नव्हती.

२०२२ च्या जानेवारीत मला मुलगी झाली. मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही; बाळंतपणाची पगारी रजा माझ्या वाट्याला आली नाही. यजमान कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर. पहिले दीड वर्ष कसेबसे काढले. मग अक्काच म्हणाली, "माजी धाकटी घिऊन जा की. तुज्याकडं ऱ्हाईल, शाळा बी शिकंल. हितं काय हाय?"

जून २०२३ मध्ये ती आली. वय १३, आठवीत नाव घातले. मनात खोट नव्हती. शहरातली शाळा मिळेल, माझ्या हाताखाली अभ्यास होईल, पोरगी पुढे जाईल, असेच मला वाटत होते. तिला नवा गणवेश घेतला, दप्तर घेतले. महिन्याभरात काय झाले? माझे तास सकाळी असत आणि तिची शाळाही सकाळची. यजमानांची पहिली पाळी असली की घरात कोणीच नाही. 'आज एक दिवस राहा,' असे मी सांगे. एक दिवसाचे दोन झाले. मग मला सांगावेही लागेना. पाळीचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असे, ते पाहून ती आपली आपण गणवेश घालीत नसे.

७ नोव्हेंबर २०२३ रोजी मी साताऱ्याला गेले होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. ती शाळा म्हणजे आजचे प्रतापसिंह हायस्कूल. २०१७ पासून हा दिवस महाराष्ट्रात 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. त्यानिमित्त एका संस्थेत माझे व्याख्यान होते. सकाळी सहाच्या एस. टी.ने निघाले. मुलीला आदल्या रात्रीपासून ताप होता. भाचीला औषधाच्या वेळा सांगून निघाले. साताऱ्यात तासभर बोलले. शाळेच्या दारातून आत गेलेल्या एका पावलाने इतिहास कसा बदलतो, अशा आशयाचे ते भाषण होते. टाळ्या मिळाल्या.

रात्री घरी आले. मुलीचा ताप उतरला होता. ताटावर बसल्यावर भाची हळूच म्हणाली, "मावशे, आज गणिताचा पेपर हुता."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलं न्हाईस. आन् बाळाला ताप हुता."

ती तक्रार करीत नव्हती. मी विचारले म्हणून तिने सांगितले. दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेत जाऊन मी हजेरीपट पाहिला. मी महाविद्यालयात रोज मुलांची हजेरी घेते; घरातल्या विद्यार्थिनीची हजेरी पाच महिन्यांत मी एकदाही पाहिली नव्हती. अर्ध्याहून अधिक दिवसांवर फुल्या होत्या. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "घरी लहान मूल आहे ना? आम्हांला कळतं." त्यांना ते कळत होते, आणि समजूतदारपणाने त्या गप्प बसल्या होत्या. माझ्या गावच्या मास्तरांनी निदान दोनदा निरोप तरी धाडला होता.

३

त्या दिवसांत मी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा वाचले. साताऱ्याच्या भाषणासाठी त्याचे टिपण काढले होतेच. परंतु या वेळी शाळेचा भाग सोडून मी घराचा भाग वाचला. बाबासाहेबांच्या साताऱ्यातल्या घरात मुले कोण सांभाळत होते?

भीमाबाई साताऱ्यातच वारल्या. मुलांचा सांभाळ वडिलांची बहीण मीराबाई यांच्याकडे आला. त्या अपंग होत्या; पायांच्या दुखण्यामुळे कोणाच्या आधाराशिवाय त्यांना हलता येत नसे, पुष्कळदा उचलून न्यावे लागे. रामजी सुभेदार खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते, सरकारने तेथे तलाव खोदायला काढला होता. मोठ्या बहिणी लग्न होऊन सासरी गेलेल्या. घरात उरली चार मुले : भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची दोन मुले. ती शाळेतही जात आणि स्वयंपाकही करीत. भाकरी जमत नसे, म्हणून भात आणि मटण एकत्र शिजवून खात.

याच लिखाणात आणखी एक गोष्ट आहे. घरातले कपडे बहिणी धूत आणि भीमरावाचे केसही थोरली बहीणच कापी. साताऱ्यात परीट होते, न्हावीही होते. सुभेदारांच्या घरात त्यांना द्यायला पैसे नव्हते असेही नाही. पैसे देऊनही ते काम करायला तयार नव्हते.

आपल्या समाजात घरातल्या मुली-बहिणींच्या हातांवर इतका भार का पडला याचे एक मोठे कारण येथे सापडते. सवर्ण घरात सेवा विकत मिळत होती, गावगाड्यात तर ती बलुत्यावर घरपोच होती. आपल्याला ती विकतही मिळत नव्हती. जे काम इतरांकडे न्हावी, परीट आणि दाई करीत, ते आपल्याकडे बहिणीने, आत्याने, अक्काने केले. दारिद्र्याने त्यात भर घातली, परंतु मूळ अस्पृश्यतेचे आहे. त्यामुळे 'आपल्यात नात्यातलेच मूल सांभाळतात, ही आपली संस्कृती आहे,' असे कोणी अभिमानाने म्हणू लागले तर थोडे थांबावे. ज्या गोष्टीला आपण आपुलकी म्हणतो, तिच्यातला काही भाग बाहेरची सारी दारे बंद होती म्हणून आलेला आहे.

आता दारे उघडी आहेत का? पोरगी शाळेत पाठवायची आणि बाई लावायची असे आम्ही ठरवले तेव्हा याचा अनुभव आला.

४

पहिली बाई आली. काम पाहिले, पैसे ठरले, मुलगी तिच्याकडे हसत गेली. निघताना तिने दाराबाहेरची पाटी वाचली आणि आडनावावरून पुढचे दोन प्रश्न विचारले. 'उद्यापास्नं येते' म्हणून गेली ती आलीच नाही. दुसरी आली, महिनाभर टिकली. ती पाण्याची बाटली आणि कप घरून आणी. मुलीला ती खाऊ घाली, तिचे लंगोट धूई, तिला छातीशी धरून झोपवी. पण आमच्या भांड्यातले पाणी तिने महिनाभरात घेतले नाही. मूल शिवायला चालत होते, कारण त्याचे पैसे मिळत होते. तांब्या शिवायला चालत नव्हता. ती स्वतः गरीब होती, नवऱ्याने टाकलेली होती. तिच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता आणि राग आला नाही असेही नाही.

घरकामाच्या बाजारात जातीची उतरंड आजही कशी उभी आहे, हे ज्यांनी शहरात घर केले आहे त्यांना सांगायला नको. स्वयंपाकाला एका जातीची, धुण्याभांड्याला दुसऱ्या, संडास-मोरी धुवायला तिसऱ्या. मूल सांभाळणारी बाई यात मधे कुठेतरी येते : तिचे हात मुलाच्या तोंडापर्यंत पोहोचतात, म्हणून तिची जात विचारली जाते. आपल्या वस्तीतल्या बायकांना हे काम सवर्ण घरांत मिळाले तरी आडनाव बदलून मिळते. २०१७ साली पुण्यात, स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईने आपली जात लपवली अशी फिर्याद एका सुशिक्षित घरमालकिणीने पोलिसांत नोंदवली होती. हे एकविसाव्या शतकातले पुणे.

'आया' हा शब्दही आपला नव्हे. तो पोर्तुगीजांकडून आला, इंग्रजांनी उचलला. महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यांतून साहेबांची मुले आयांनी वाढवली. काही आयांना बोटीने विलायतेला नेले जाई आणि काम संपले की तिथेच सोडून दिले जाई. अशा बायकांसाठी लंडनमध्ये आयांचे एक वसतिगृहच चालवावे लागले. त्या इमारतीवर २०२२ साली स्मृतिफलक लागला. त्या साहेबांच्या आठवणींतही आया 'घरातलीच' असे. परतीचे तिकीट मात्र घरातलीला मिळाले नाही.

तिसरी बाई आमच्याच वस्तीतली. चाळिशीची, दोन मुलांची आई. मी पैशांचे विचारले तर म्हणाली, "पैशाचं काय, घरचंच हाय. तुमी द्याल ते." मला त्या क्षणी बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. दोन पैसे वाचतील असे मनात येऊन गेले. जी बाई परकी होती तिच्याशी मी घासाघीस करून का होईना, आकडा ठरवला होता. आपल्या बाईने आकडा सांगितला नाही, तर तो न सांगण्याचा फायदा मी घ्यायला निघाले होते.

भाची मला मावशी म्हणते. या बाईंना मी आणि माझी मुलगी मावशी म्हणतो. सांगलीतल्या प्रत्येक घरात काम करणारी बाई मावशीच असते, महाविद्यालयातली शिपाईणही मावशीच. आदराने हाक मारावी हे चांगलेच. 'ए बाई' म्हणण्यापेक्षा कितीतरी चांगले. पण मावशी म्हटले की सुट्टीचा दिवस विचारावा लागत नाही, आजारपणाचे पैसे द्यावे लागत नाहीत, संध्याकाळी तासभर जास्त थांबवताना ओशाळे वाटत नाही. नात्याचा शब्द मजुरीच्या जागी येऊन बसतो आणि आपण माणुसकीने वागलो असे आपल्यालाच वाटू लागते.

५

याविषयी कायदा काय म्हणतो हे आपल्या शिक्षक-कार्यकर्त्यांनाही नीट माहीत नसते, म्हणून थोडक्यात सांगते.

१९८६ च्या बालकामगार कायद्यात घरकामाचा समावेश सुरुवातीला नव्हता. १० ऑक्टोबर २००६ पासून १४ वर्षांखालील मुलांना घरगुती नोकर म्हणून ठेवण्यास बंदी आली. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना सर्वच कामांवर ठेवण्यास मनाई केली, परंतु एक वाट उघडी ठेवली : शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मूल आपल्या कुटुंबाला मदत करू शकते. आणि कुटुंब म्हणजे कोण? आई, वडील, भाऊ, बहीण यांच्याबरोबरच आत्या, काका, मामा आणि मावशी. म्हणजे माझे घर हे कायद्याच्या दृष्टीनेही भाचीचे कुटुंबच. या वाटेवर 'शाळेच्या वेळेनंतर' ही अट आहे, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहायला स्वयंपाकघरात कोणी निरीक्षक येत नाही. ती अट मी पाच महिने मोडीत होते.

मजुरी घेऊन काम करणाऱ्या प्रौढ बाईसाठी महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा अधिनियम आहे. १८ ते ६० वयाच्या घरकामगाराची त्यात नोंदणी होते. हा कायदा सहज मिळालेला नाही; १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला तेव्हापासूनच्या लढ्यांची पार्श्वभूमी त्याला आहे. परंतु तो कल्याणाचा कायदा आहे, मजुरीचा दर आणि कामाचे तास तो ठरवीत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्याला रीतसर मान्यता दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदेशीर चौकट करण्याचा विचार करावा, असे केंद्र सरकारला सांगितले.

एक गोष्ट मात्र सरकारने आपल्या कागदावर स्वच्छ लिहून ठेवली होती. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत अशी तरतूद होती, की कामावर आलेल्या स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांतल्याच एका स्त्रीला मुले सांभाळायला नेमावे आणि तिला पूर्ण मजुरी द्यावी. म्हणजे पाटी उचलणे जितके काम, तितकेच मूल सांभाळणे हे काम. ही तरतूद मी वर्गात शिकवताना प्रथम वाचली तेव्हा खडीच्या ढिगापासून दूर, झाडाखाली मला घेऊन बसलेली अक्का आठवली. तिला कोणी त्या पटावर घेतले असते तर आठ वर्षांच्या मुलीला कामाला लावले म्हणून गुन्हा झाला असता. पटावर घेतले नाही, म्हणून तो संसार झाला.

६

मग करावे काय? माझ्यापुरते मी काय केले ते सांगते.

मावशींशी बसून कागद केला. सकाळी आठ ते दुपारी तीन. रविवार सुट्टी. महिन्याला दोन दिवस पगारी रजा, आजारपण वेगळे. आम्ही गावी गेलो म्हणून पगार कापायचा नाही. दिवाळीला एक पगार जादा, जूनला वाढ. काम मुलीचे, धुणेभांडी त्यात धरायची नाहीत. जेवण आमच्याबरोबर, आमचेच. त्यांच्या धाकट्या मुलाला शाळेला सुट्टी असेल तर तो बरोबर आला तरी चालेल. त्यांना लिहिता येत नव्हते, भाचीने कागद मोठ्याने वाचून दाखवला. ऐकून त्या हसल्या, म्हणाल्या, "एवढं काय, मी काय कारखान्यात लागले का?" दोन महिन्यांनी एकदा मी चारपर्यंत थांबायला सांगितले, तेव्हा त्यांनीच त्या कागदाची आठवण करून दिली.

माझ्या मानधनातला जवळपास तिसरा हिस्सा त्यांच्याकडे जातो. 'मग तू नोकरी कशाला करतेस?' असे मला विचारतात. यजमानांचा पगारही त्याच घरात येतो, पण तो हिस्सा त्यांच्या पगारातून वजा करून त्यांना हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

भाची माझ्याकडेच राहिली, पण शिकायला. बाळाकडे ती संध्याकाळी लक्ष देते, खेळवते, तेवढेच. परीक्षेच्या दिवसांत तेही नाही. नात्यातली मुलगी घरी आणूच नये असे माझे म्हणणे नाही. कर्मवीरांच्या वसतिगृहांत आणि समाजकल्याणाच्या वसतिगृहांत जागा मिळाली नाही तेव्हा आपल्या कितीतरी मुला-मुलींना चुलत्या-मामाच्या घराने शिकवले आहे. प्रश्न एवढाच विचारायचा : ती मुलगी या घरात शिकायला आली आहे आणि मधूनमधून मूल सांभाळते, की मूल सांभाळायला आली आहे आणि मधूनमधून शाळेत जाते? उत्तर आपल्या मनात शोधू नये. हजेरीपटावर पाहावे.

आणि हा केवळ माझ्या-तुमच्या घरातला प्रश्न नाही. मावशींचा धाकटा सुट्टीत माझ्या घरी येतो. पण तो दोन वर्षांचा होता आणि त्या दुसऱ्याची मुले सांभाळत होत्या, तेव्हा त्याला त्यांच्या थोरल्या मुलीने सांभाळले. तिची शाळा सहावीत सुटली. म्हणजे एका घरातला अन्याय मजुरी देऊन मिटवला तरी तो पुढच्या घरी जाऊन बसतो. वाळवा-कराडच्या उसाच्या पट्ट्यात हंगामाला बीडकडून टोळ्या येतात. आई-बाप कोयत्याला जातात आणि कोपीत धाकट्याला घेऊन आठ-दहा वर्षांची बहीण बसते. तिच्यासाठी साखरशाळा काढली तरी धाकट्याला कोण धरणार, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

तो सुटू शकतो हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार पूर्वी दाखवले आहे. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेले आणि १९५७ साली कोसबाडला गेलेले त्यांचे काम आदिवासी मुलांत होते. मुली शाळेत येत नाहीत कारण त्यांच्या कडेवर भावंड आहे, हे पाहून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. 'विकासवाडी' हे त्या प्रयोगाचे नाव. मुलीने भावंडासह यावे, त्याला पाळणाघरात द्यावे आणि स्वतः वर्गात बसावे. इतकी साधी गोष्ट. पुढे १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली, अंगणवाड्या गावोगावी झाल्या. पण अंगणवाडीत बसायची मुले तीन ते सहा वर्षांची आणि तीही दिवसातले काही तास. तीन वर्षांखालचे मूल पुन्हा अक्काच्याच कडेवर राहिले. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. रानात खुरपणारी, तासिकेवर शिकवणारी, दुसऱ्याचे मूल सांभाळणारी या बायका कोणत्या आस्थापनेत मोजायच्या?

अंगणवाडी सेविकेला तरी शासन काय म्हणते? सेविका. तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे असे सांगेपर्यंत त्यांची गणना कामगारांत करायची की नाही यावरच वाद होता. मलाही मानधनच मिळते. आमचे महाविद्यालयही वार्षिक समारंभात 'आपण सारे एक परिवार आहोत' असे म्हणते आणि उन्हाळ्यात या परिवारातल्या तासिकावाल्यांना दोन महिने काही मिळत नाही. ज्या शब्दाने मी भाचीला राबवले, त्याच शब्दाने मला राबवले जाते. संस्थेकडे नेमणुकीचे पत्र मागायचे आणि घरातल्या बाईला कागद द्यायचा नाही, हे आपल्याला शोभणारे नाही.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तेव्हा हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे, कारण यात साऱ्या राष्ट्राचे हित आहे, अशी भूमिका घेतली होती. जन्माच्या वेळचा भार जर राष्ट्राचा असेल, तर जन्मानंतरच्या तीन वर्षांचा भार एका आठ वर्षांच्या मुलीवर का? आपल्या संघटनांनी आरक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृहे यांसाठी मोर्चे काढले आणि ते काढलेच पाहिजेत. वस्तीत पाळणाघर हवे, म्हणून काढलेला मोर्चा माझ्या पाहण्यात नाही. बहुधा मोर्चात आलेल्यांची मुले घरी कोणीतरी सांभाळत असल्यामुळे ही मागणी कोणाला सुचली नसावी.

गेल्या दिवाळीत अक्का आली होती. मावशी तीन वाजता निघाल्या आणि मी त्यांच्या हातात पगार व दिवाळीचा जादा पगार ठेवला, तो त्यांनी दारात उभे राहून मोजला. अक्का बघत होती. त्या गेल्यावर तिने विचारले, "पोरगं संबाळायचं एवढं देत्यात?"

मी आकडा सांगितला. ती बोटांवर काहीतरी मोजू लागली. किती वर्षांचे मोजत होती ते मी विचारले नाही. मग म्हणाली, "र्‍हाऊ दे. चा ठेव."

चहा मी ठेवला. तिचा हिशेब अजून माझ्याकडे बाकी आहे.